नवी पिकअप घेताना डीलरशी भाव कसा करावा

मराठवाड्यात नवी पिकअप घेण्याचे बहुधा मालाचे पैसे हातात आले की पक्के होते. लातूर-उदगीरकडे सोयाबीनची पट्टी मिळाली, जालन्याकडे मोसंबीची बाग व्यापाऱ्याला दिली, वसमतकडे हळद विकली गेली, की घरात गाडीचे बोलणे निघते आणि दसरा, दिवाळी पाडवा, गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीया यांपैकी जवळचा मुहूर्त गाठण्यासाठी आठवडाभरात शोरूमची पायरी चढली जाते. भाव करण्यासाठी याहून वाईट वेळ नाही, कारण त्या आठवड्यात डीलरकडे गिऱ्हाइकांची रांग असते आणि आपल्याला मुहूर्ताची घाई आहे हे सेल्समनला आपण तोंड उघडण्याआधीच कळलेले असते.

यावर मुहूर्त सोडून देणे हा उपाय नाही. भाव ठरवण्याचा दिवस आणि गाडी घरी आणण्याचा दिवस हे दोन वेगळे ठेवावेत, एवढेच पुरते. दसऱ्याला गाडी हवी असेल, तर बोलणी पितृपक्षात करावीत. त्या पंधरवड्यात कोणी नवी वस्तू घेत नसल्याने शोरूम ओस असते, महिन्याचे टार्गेट मात्र तसेच उभे असते, आणि मॅनेजर स्वतः चहा मागवून बोलायला बसतो. पितृपक्षात पैसे देण्याला घरच्यांचा आक्षेप असेल, तर भाव कागदावर लिहून शिक्क्यासह घ्यावा आणि बुकिंगची रक्कम घटस्थापनेला भरावी. याखेरीज महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस, तसेच मार्चअखेर आणि डिसेंबरअखेर, हेही गिऱ्हाइकाच्या सोयीचे असतात. डिसेंबरात आणि जानेवारीत मात्र गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते विचारल्याशिवाय आकडा मान्य करू नये. निर्मितीचा महिना आणि वर्ष आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदले जाते, आणि पुढे गाडी विकताना घेणारा आधी तेच बघतो. मागच्या वर्षाची गाडी घ्यायला हरकत नाही, परंतु तिच्यासाठी मिळणारी सूट ही नेहमीच्या सुटीखेरीज वेगळी असली पाहिजे.

कोटेशनचा कागद ओळीओळीने वाचावा

डीलरकडे पहिल्यांदा जाताना भाव करण्यासाठी जाऊच नये. कोटेशन आणण्यासाठी जावे. "ऑन रोड (म्हणजे नोंदणी, कर आणि विमा धरून) अमुक लाख पडेल" एवढे तोंडी सांगणे म्हणजे कोटेशन नव्हे. छापील कागदावर एक्स शोरूम किंमत (नोंदणी आणि विम्यापूर्वीची), आरटीओचा कर आणि शुल्क, विमा, आणि त्याखाली जे काही असेल ते प्रत्येक ओळीत वेगळे दिसले पाहिजे, कारण यांतली प्रत्येक ओळ वेगळ्या पद्धतीने कमी होते आणि काही ओळी अजिबात कमी होत नाहीत.

एक्स शोरूम किमतीत जीएसटी धरलेला असतो. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ८,००,००० रुपयांची गाडी आधी १०,२४,००० रुपयांना पडत होती, ती आता ९,४४,००० रुपयांना पडते. म्हणजे ८०,००० रुपयांचा फरक निव्वळ कराचा आहे. हा फरक "आमच्याकडून सूट" म्हणून सांगणारे सेल्समन भेटतात. त्यामुळे सुटीचा आकडा ऐकला की ती सध्याच्या एक्स शोरूम किमतीवर आहे की जुन्या किमतीच्या तुलनेत आहे, हे आधी विचारावे. ज्यांचे स्वतःचे जीएसटी नोंदणी असलेले दुकान, आडत किंवा वाहतुकीचा धंदा आहे, त्यांना मालवाहू गाडीवर भरलेल्या या कराचे इनपुट क्रेडिट (म्हणजे तो धंद्याच्या जीएसटीतून वळता करणे) मिळू शकते, जे प्रवासी कारवर साधारणपणे मिळत नाही. त्यासाठी बिलावर आपला जीएसटी क्रमांक आलाच पाहिजे, आणि तो बुकिंगच्या वेळीच द्यावा लागतो. किंमत १० लाखांच्या वर गेली, तर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ गोळा करायचा आयकर) लागतो. तो डीलरचा नफा नसतो. आयकर विवरणपत्र भरताना तो आपल्या नावावर जमा दिसतो आणि वळता करून घेता येतो.

आरटीओच्या ओळीवर घासाघीस करण्यात अर्थ नाही, परंतु ती ओळ तपासण्यात बराच अर्थ आहे. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोंपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांसाठी किमतीच्या ७ टक्के एकरकमी कराची घोषणा झाली होती. कराशिवायची नोंदणी, बोजा चढवणे (आरसीवर कर्जाची नोंद करणे) वगैरे शुल्के त्या मानाने किरकोळ असतात. कोटेशनमध्ये मात्र पुष्कळदा "आरटीओ आणि इतर" अशी एकच ओळ असते आणि तिच्यात पाच-दहा हजार रुपये सहज सामावतात. "पासिंगला (नोंदणीला) जेवढे लागेल तेवढे ऑनलाइन पावतीप्रमाणे देऊ" एवढे एक वाक्य तेथे बोलावे आणि कोटेशनवर लिहून घ्यावे. नोंदणीचा कर आणि शुल्क सरकारी पोर्टलवर भरले जाते आणि त्याची पावती निघते, त्यामुळे या वाक्याला डीलरकडे प्रामाणिक उत्तर एकच असते.

"हँडलिंग", "लॉजिस्टिक", "फाइल चार्ज", "डेपो" अशा नावांच्या ओळी आरटीओच्या शुल्कात कोठेही बसत नाहीत. गाडी कंपनीतून शोरूमपर्यंत आणणे हा डीलरच्या धंद्याचा भाग आहे आणि तो खर्च एक्स शोरूम किमतीत आलेला आहे. या ओळी कमी करून मागू नयेत, काढूनच टाकायला सांगाव्यात. "अर्धे माफ करतो" हे उत्तर मान्य केले की उरलेले अर्धे आपणच कबूल केलेले असतात. एक्स्टेंडेड वॉरंटी, रस्त्यावरची मदत सेवा आणि मेंटेनन्स पॅकेज या गोष्टी उपयोगाच्या असू शकतात, परंतु त्या ऐच्छिक आहेत. भाव पक्का झाल्यावर त्यांचा स्वतंत्र विचार करावा.

दुसरा कागद खरोखर दुसऱ्याचा असावा

हातात दुसरे कोटेशन असल्याशिवाय भाव करणे म्हणजे नुसती विनवणी होय. येथे आपल्याकडची एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. मराठवाड्यात एकाच कंपनीची डीलरशिप पुष्कळदा दोन-तीन जिल्ह्यांसाठी एकाच मालकाकडे असते आणि तालुक्याच्या गावी दिसणारी शोरूम ही त्याचीच शाखा असते. अशा दोन शाखांतून आणलेली दोन कोटेशने ही स्पर्धा नव्हे; संध्याकाळी दोन्ही सेल्समन एकाच ग्रुपवर आपले नाव टाकतात आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचा आकडा एकच होतो. कोटेशनच्या माथ्यावर फर्मचे नाव आणि जीएसटी क्रमांक छापलेला असतो, तो ताडून पाहिला की हे लगेच कळते.

त्यामुळे धाराशिव-लातूरच्या माणसाने सोलापूरचे, बीडच्या माणसाने अहिल्यानगरचे, आणि परभणी-हिंगोलीच्या माणसाने नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचे कोटेशन आणावे. "बाहेरून घेतली तर पासिंगला अडचण येईल" असे सांगितले जाते, त्यात फारसा दम नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपले राहण्याचे किंवा धंद्याचे ठिकाण ज्या राज्यात आहे, त्या राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे गाडी नोंदवता येते. परराज्याचे मात्र तसे नाही. नांदेड-देगलूरकडच्या लोकांना तेलंगणातील भाव मोहात पाडतो, परंतु कर आणि नोंदणीचा घोळ पाहता त्या वाटेला न गेलेले बरे.

दुसरे कोटेशन वेगळ्या कंपनीचे असले तर त्याहून चांगले. बोलेरो पिकअप घ्यायचे मनात असले, तरी टाटा इंट्रा किंवा योद्धा, अशोक लेलँडची बडा दोस्त यांपैकी आपल्या वजनाला आणि रस्त्याला चालणाऱ्या एखाद्या गाडीचा कागद खिशात असावा. कंपनीच्या महिन्याच्या स्कीममध्ये दुसऱ्या कंपनीकडे वळणारे गिऱ्हाईक राखण्यासाठी काही रक्कम असू शकते, आणि ती फक्त असा कागद पाहिल्यावर बाहेर येते. अर्थात तुलना सारख्याशी सारख्याची हवी. १.३ टनाची एक आणि १.७ टनाची दुसरी असे दोन कागद पुढे केले, तर मॅनेजर ते एका वाक्यात बाजूला सारतो.

ओळखीबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. आपल्याकडे शोरूमला जाताना मालकाच्या ओळखीचा सरपंच, साखर कारखान्यातला कोणी पाव्हणा किंवा गावातला एजंट बरोबर नेण्याची पद्धत आहे. ओळखीने आत मानाने बसायला मिळते, परंतु ओळखीचा माणूस शेजारी असताना आपण भाव मागायला संकोचतो, आणि "पाहुण्यांना आम्ही जास्त लावू का" या एका वाक्यावर बोलणे संपते. एजंटाला गिऱ्हाईक आणल्याचे कमिशन असते आणि ते ज्या पैशांतून आपल्याला सूट मिळाली असती त्याच पैशांतून जाते. बरोबर न्यायचेच असेल, तर ज्याने गेल्या वर्षभरात तीच गाडी घेतली आहे असा चालक-मालक न्यावा आणि त्याच्या बिलाची झेरॉक्स जवळ ठेवावी.

टेबलावरचे बोलणे

बोलणीला बसण्यापूर्वी दोन आकडे स्वतःशी ठरवलेले असावेत: ऑन रोड किती मागायचे आणि कितीच्या वर उठून यायचे. यांतला दुसरा आकडा बरोबर आलेल्या भावाला किंवा मुलालाही तेथे बोलू देऊ नये. सेल्समन चतुर असतो. तो गाडी घेणाऱ्याकडे पाहत राहतो आणि प्रश्न मात्र धाकट्याला विचारतो.

सुरुवात साधारण अशी होते. "मालक, कंपनीचा रेट आहे, आमच्या हातात काही नाही बघा." याला वाद घालून उत्तर देऊ नये. "ठीक आहे दादा, मग एवढेच कागदावर लिहून सही करून द्या; सोलापूरचा कागद आला आहे, घरी दोन्ही शेजारी ठेवून बघतो," एवढे म्हणावे. सही मागितली की सेल्समन उठून मॅनेजरच्या केबिनमध्ये जातो, आणि खरी बोलणी तेव्हा सुरू होते. केबिनमधून आलेला पहिला आकडा हा शेवटचा नसतो, हे गृहीत धरून चालावे. आपला आकडा सांगितल्यावर मात्र गप्प बसावे. पुष्कळ जण आकडा सांगून लगेच "नाहीतर पाच हजार वर घ्या" असे स्वतःच म्हणतात, आणि समोरच्याला काही न करता पाच हजार मिळतात.

सूट नेहमी रुपयांत आणि बिलावर मागावी. ताडपत्री, सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप, म्युझिक सिस्टिम मिळून "पंचवीस हजारांच्या अॅक्सेसरीज फ्री" असे सांगितले जाते, परंतु त्या वस्तूंची किंमत डीलरने लावलेली असते. तशीच ताडपत्री मोंढ्यातल्या दुकानात काय भावाने मिळते, याची चौकशी एका फोनवर होते. रोख सूट देणे जमतच नसेल, तर अॅक्सेसरीज घ्याव्यात, पण बाजारभाव धरून. बिलावर सूट दाखवण्याचा आग्रह यासाठी की करही कमी झालेल्या रकमेवर लागतो. "सूट नंतर वेगळी देतो" या बोलीचा पुढे पाठपुरावा करावा लागतो, आणि दरम्यान सेल्समन नोकरी सोडून गेलेला असतो.

कॅब-चेसिस (मागच्या बॉडीशिवायची गाडी) घेऊन बॉडी बाहेर बांधायची असेल, तर बॉडीचा खर्च आणि पासिंगला लागणारे दिवस धरूनच तुलना करावी. उसाच्या वाढ्यांसाठी किंवा जनावरांसाठी जाळी उंच करणे आणि पाटे वाढवणे हे गॅरेजमध्ये सर्रास होते, मात्र त्याचा वॉरंटीवर काय परिणाम होतो हे डीलरकडून लेखी विचारून ठेवावे.

हप्त्यावर भाव ठरवू नये

डीलरला सर्वांत सोयीचा प्रश्न म्हणजे "महिन्याला किती हप्ता झेपेल?" या प्रश्नाला उत्तर दिले की गाडीची किंमत, व्याज आणि मुदत या तिन्ही गोष्टी एकाच आकड्याखाली झाकल्या जातात, आणि मुदत वर्षभराने वाढवून हप्ता कमी करून दाखवता येतो. म्हणून ऑन रोड किंमत कागदावर पक्की होईपर्यंत कर्जाचा विषय काढू नये. "रोखीने घेणार आहे, जास्त सूट द्या" असेही आधी म्हणू नये. फायनान्स कंपनीकडून डीलरला कमिशन मिळते, त्यामुळे रोखीचे गिऱ्हाईक त्याला तितकेसे प्रिय नसते. "कर्जाचे अजून ठरलेले नाही" हे उत्तर दोन्ही बाजूंनी चालते. शिवाय रोखीने म्हणजे नोटांनी नव्हे: आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही, म्हणून आडतीचे पैसे आधी खात्यात भरावेत.

फायनान्स कंपन्या बहुधा फ्लॅट दर (मुदतभर मूळ पूर्ण रकमेवर लागणारा) सांगतात आणि बँका घटत्या शिलकीवरचा (फेडायच्या उरलेल्या रकमेवर लागणारा). समजा ८ लाखांचे कर्ज ४ वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट दराने घेतले, तर व्याज २,२४,००० रुपये आणि हप्ता सुमारे २१,३३० रुपये होतो. ऐकायला ७ टक्के असलेला हा दर घटत्या शिलकीच्या हिशेबाने पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास जातो. हेच कर्ज बँकेने ११ टक्के घटत्या दराने दिले, तर हप्ता सुमारे २०,६८० रुपये येतो आणि चार वर्षांत साडेएकतीस हजारांच्या आसपास वाचतात. "आमच्याकडून फायनान्स केला तर आणखी दहा हजार सूट" या बोलीचे मोल या हिशेबाशी ताडून ठरवावे. एकूण किती रुपये परत करायचे, प्रोसेसिंग फी किती, कर्जात विमा घुसवला आहे का, आणि मुदतीपूर्वी फेडल्यास काय आकार पडतो, हे चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत.

अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या व्याज परतावा योजनेतून गाडी घेणाऱ्यांनी क्रम सांभाळावा: आधी पात्रता प्रमाणपत्र, मग बँकेची मंजुरी. बँकेसाठी दिलेले कोटेशन हे कच्चे असते आणि त्यातली किंमत पूर्ण छापील असते. मंजुरी मिळाली म्हणून त्याच आकड्याला गाडी घ्यावी लागते असे नाही. कोटेशन फुगवून जास्त कर्ज काढून देण्याची तयारी दाखवणारा डीलर किंवा एजंट भेटला, तर तेथून उठावे, कारण बिल आणि कोटेशन यांतली तफावत पुढे कर्जदाराच्याच गळ्यात येते.

विमा आणि जुनी गाडी

डीलरनेच विमा काढला पाहिजे असा कोणताही नियम नाही. थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा) हप्ता सरकारने ठरवलेला असल्याने तो सगळीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात. बाहेरून आणलेले विम्याचे कोटेशन दाखवले की डीलरचा आकडा पुष्कळदा तेथल्या तेथे खाली येतो. मात्र खाली आलेल्या आकड्यात आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) कमी केलेली नाही ना, हे बघावे. नव्या गाडीची आयडीव्ही साधारणपणे एक्स शोरूम किमतीच्या ९५ टक्के धरली जाते. मालवाहू गाडीच्या विम्यात आयएमटी २३ हे कलम जोडलेले आहे का, हेही विचारावे. ते नसेल तर किरकोळ अपघातात दिवे, मडगार्ड, बोनेट, बंपर, टायर आणि रंगकामाचा खर्च दाव्यात मिळत नाही, आणि आपल्या अरुंद रस्त्यांवर ऊसवाहतुकीच्या दिवसांत नेमके हेच भाग आधी फुटतात. चालक आणि क्लीनर यांचे संरक्षणही त्याच वेळी जोडून घ्यावे.

जुनी गाडी देऊन नवी घ्यायची असेल, तर तिचा उल्लेख नव्या गाडीचा भाव ठरल्यानंतर करावा. दोन्ही व्यवहार एकत्र झाले की जुनीला वीस हजार वाढवून दिल्याचे समाधान मिळते आणि नवीवरची सूट तेवढ्यानेच कमी होते. कंपनीचा एक्स्चेंज बोनस हा जुन्या गाडीच्या किमतीपेक्षा वेगळा असतो, म्हणून दोन्ही आकडे वेगळे लिहून घ्यावेत. जुनी गाडी नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९ सी ने पोर्टलवर होते. ती झाल्याचा कागद घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये, कारण आरसीवर आपले नाव असेपर्यंत अपघाताची नोटीस आपल्याच घरी येते.

बुकिंगपासून ताब्यापर्यंत

बुकिंगची रक्कम लहान ठेवावी. पावतीवर मॉडेल, रंग, ठरलेली ऑन रोड किंमत, ताबा देण्याची तारीख आणि तोपर्यंत किंमत वाढल्यास ती कोणी सोसायची, हे लिहिलेले असावे. रद्द केल्यास पैसे परत मिळतील, हेही. मुहूर्ताच्या दिवशी एका शोरूममधून पाठोपाठ गाड्या निघतात, पेढे वाटले जातात, फोटो काढले जातात, आणि त्या गडबडीत ज्या गोष्टी पाहायच्या त्या राहून जातात. म्हणून आदल्या दिवशी जाऊन चेसिस नंबर बिलाशी जुळवावा, निर्मितीचा महिना पाहावा, पाचही टायर, बॅटरी, जॅक आणि फाळक्याच्या कड्या तपासाव्यात आणि गाडी किती किलोमीटर चालली आहे ते पाहावे. काही चुकीचे आढळले, तर बँकेचे पैसे डीलरच्या खात्यात जाण्याआधी ते दुरुस्त करून घेणे सोपे असते.

ताबा घेताना बिल, विम्याची पॉलिसी, कर आणि शुल्काची पावती, फॉर्म २१ व २२ (विक्रीचा आणि गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) आणि दुसरी किल्ली मागून घ्यावी. करपावतीतील आकडा कोटेशनमधील आरटीओच्या ओळीपेक्षा कमी निघाला, तर फरक तेथेच, गाडी फाटकाबाहेर काढण्यापूर्वी मागावा.